कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ होते, मग अटॅक कसा आला?

बदलापूरहून रोज सकाळच्या लोकलने फोर्टला नोकरीला जाणारे एक गृहस्थ, वय ४६, फेब्रुवारीतल्या एका रविवारी माझ्या दवाखान्यात आले. हातात ऑफिसने करून दिलेल्या हेल्थ चेकअपची फाइल होती. प्रश्न एकच होता: “डॉक्टर, कोलेस्टेरॉल १८८ आलंय. दोनशेच्या आत आहे, म्हणजे काळजी नाही ना?” बाहेर सर्दी-तापाच्या पेशंटची रांग होती. मी वरचा आकडा पाहिला, बीपी घेतले, सिगारेट सोडा आणि तेलकट कमी करा असे सांगितले आणि फाइल परत दिली.

एप्रिलच्या शेवटी पहाटे साडेतीनला त्यांच्या छातीत जड वाटू लागले. त्यांनी जिरेपाणी घेतले, सोडा घेतला, गॅलरीत फेऱ्या मारल्या. साडेपाचला घाम सुटला तेव्हा बायकोने शेजाऱ्यांना उठवले. जवळच्या हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढला तर सरळसरळ हार्ट अटॅक. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले गेले आणि दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली. ते वाचले. पण हृदयाचा एक भाग दोन तास रक्ताविना राहिला, आणि त्याची किंमत आज जिना चढताना लागणाऱ्या दमातून दिसते.

पुन्हा भेटले तेव्हा त्यांनी तीच जुनी फाइल टेबलावर ठेवली आणि विचारले, “इथे सगळं नॉर्मल लिहिलं होतं. मग हे कसं झालं?” त्यांचा प्रश्न रास्त होता. फाइल मी तेव्हा नीट वाचायला हवी होती. हा लेख म्हणजे त्यांना दिलेले उत्तर आहे, थोडे सविस्तर.

अटॅक दोन टप्प्यांत येतो

नळाच्या पाइपात कचरा साचतो तशी रक्तवाहिनीत चरबी साचते, हे चित्र तुम्ही कुठेतरी पाहिले असेल. ते अर्धेच खरे आहे. चरबी नळीच्या पोकळीत साचत नाही, ती नळीच्या भिंतीत मुरते. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल धरते तेव्हा काय होते ते आठवा. बाहेरून रंग ठीक दिसतो, आत मात्र पाणी मुरत असते. गिलावा फुगतो आणि एक दिवस पोपडा सुटतो.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ शरीराला हवाच असतो. पेशींचे आवरण, काही हार्मोन, पित्त हे सगळे त्यातून तयार होते. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून फिरताना त्याला प्रथिनांचे वेष्टण लागते. या वेष्टणातल्या कणांपैकी एक म्हणजे एलडीएल. रक्तात एलडीएलचे कण जास्त आणि वर्षानुवर्षे असले की ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतात आणि अडकतात. त्यांना साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. त्यावर शरीर एक पातळ आवरण चढवते. या साठ्याला प्लाक म्हणतात. हा पहिला टप्पा, आणि तो वीस-तीस वर्षे चालतो. या काळात काहीही दुखत नाही.

दुसरा टप्पा काही मिनिटांचा. प्लाकवरचे पातळ आवरण फाटते आणि आतला मऊ ऐवज रक्ताला लागतो. रक्ताला वाटते की जखम झाली. मग भाजी चिरताना बोट कापल्यावर जे घडते तेच इथे घडते. प्लेटलेट्स धावून येतात, एकमेकींना चिकटतात. यकृतात तयार होणारे फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन रक्तात विरघळलेले असते, त्याचे फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर होते. या धाग्यांच्या जाळीत प्लेटलेट्स आणि लाल पेशी अडकतात आणि गुठळी पक्की होते. बोटावर ही गुठळी जीव वाचवते. तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या हृदयाच्या धमनीत तीच रस्ता बंद करते.

म्हणजे भिंत खराब करण्याचे काम कोलेस्टेरॉलचे, आणि ऐनवेळी दार बंद करण्याचे काम गुठळीचे. “परवाच टू-डी इको केला होता, नॉर्मल होता” किंवा “ट्रेडमिल टेस्ट पास झालो होतो” असे सांगणाऱ्यांना अटॅक का येतो, याचेही उत्तर यात आहे. इको हृदयाचे पंपिंग दाखवतो, धमनीची भिंत दाखवत नाही. ट्रेडमिल टेस्टमध्ये साधारणपणे धमनी बरीच अरुंद झाली असेल तरच बदल दिसतात. अटॅक आणणारे कित्येक प्लाक मात्र फाटण्यापूर्वी धमनीला अर्धीही अडवत नसतात.

ती फाइल पुन्हा उघडून पाहू

त्या रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल १८८ होते. त्याखाली ट्रायग्लिसराइड २४०, एचडीएल ३१ आणि एलडीएल १०९. उपाशीपोटी साखर ११२. माझ्या दवाखान्यातले बीपी १३८/८८. कमरेचा घेर कोणी मोजलाच नव्हता. नंतर मी मोजला तेव्हा ९८ सेंटिमीटर होता. दिवसाला सहा-सात सिगारेट. आणि वडील ५१ व्या वर्षी ‘अचानक’ गेले होते. हे त्यांनी फेब्रुवारीत सांगितले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते.

आता एक साधी वजाबाकी करा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा: १८८ वजा ३१, उत्तर १५७. याला नॉन-एचडीएल म्हणतात. भिंतीत मुरू शकणाऱ्या सगळ्या कणांतले कोलेस्टेरॉल या एका आकड्यात येते. फारसा धोका नसलेल्या माणसातही हा आकडा १३० च्या आत असावा. म्हणजे ज्या कागदावर ‘१८८, नॉर्मल’ छापले होते, त्याच कागदावर ‘१५७, जास्त’ हेही होते. फक्त ते कोणी छापले नव्हते.

एकूण आकडा ‘चांगला’ दिसला तो एचडीएल फार कमी असल्यामुळे, आणि हे आपल्याकडे अगदी नेहमीचे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचा पहिला टप्पा महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड इथे झाला. त्यातले रक्तातल्या चरबीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक होते १३.९ टक्के. ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के. आणि एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के. आपण सगळे पहिल्या आकड्याकडे बघत राहतो आणि बहुतेकांचा बिघाड खालच्या ओळींत असतो.

एचडीएलला ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतात, म्हणून ते वाढवायच्या गोळ्या आहेत का असे लोक विचारतात. एचडीएल वाढवणारी औषधे मोठ्या चाचण्यांत वापरून झाली आहेत. आकडा वाढला, अटॅक मात्र कमी झाले नाहीत. कमी एचडीएल ही बहुधा एक खूण असते: पोट सुटलेले आहे, हालचाल कमी आहे, तंबाखू आहे, साखरेचा कल आहे. खूण पुसून उपयोग नाही, मागचे कारण बघावे लागते.

एलडीएल किती असावे, याचे उत्तर सर्वांसाठी एक नाही. लॅबच्या कागदावर मात्र सर्वांसाठी एकच मर्यादा छापलेली असते, आणि गैरसमजाचे मूळ तिथे आहे. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, धोका कमी असलेल्यांनी एलडीएल १०० च्या आत ठेवावे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल तर ७० च्या आत. आणि अटॅक येऊन गेला असेल किंवा स्टेंट बसवला असेल तर ५५ च्या आत. म्हणजे ९५ हे एलडीएल शेजाऱ्यासाठी ठीक आणि तुमच्यासाठी जास्त असू शकते. रिपोर्टवर ठळक अक्षरात खूण नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

तपासणीसाठी बारा तास उपाशी राहण्याची आता बहुतेकांना गरज नाही. ट्रायग्लिसराइड खूप जास्त निघाले तर पुन्हा उपाशीपोटी तपासावे. बदलापूर-अंबरनाथच्या नोकरदारांना हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘उपाशी राहायला जमत नाही, सुट्टीच्या दिवशी लॅब लवकर बंद होते’ या कारणाने कित्येकांची तपासणी वर्षभर पुढे जाते. पहिली तपासणी अठराव्या वर्षी करावी, असेही हेच मार्गदर्शन सांगते. चाळिशीची वाट बघायचे कारण नाही.

गुठळीच्या प्रथिनांच्या तपासण्या कराव्यात का?

कोविडनंतर लोकांच्या तोंडी डी-डायमर आणि फायब्रिनोजेन हे शब्द आले. आता चेकअपच्या मोठ्या पॅकेजमध्येही ते दिसतात. जास्त तपासण्या म्हणजे जास्त सुरक्षित, असा आपला समज असतो. इथे तो लागू नाही.

फायब्रिनोजेनचे नेहमीचे प्रमाण डेसिलिटरला साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. ज्यांचे जास्त त्यांना हृदयविकार जास्त, हे लंडनच्या नॉर्थविक पार्क इथल्या संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवले होते आणि नंतर इतरांनाही तसेच आढळले. पण फायब्रिनोजेन ताप आला तरी वाढते, दातात पू झाला तरी वाढते, गरोदरपणात वाढते, वजनाबरोबर आणि वयाबरोबर वाढते. सिगारेटने तर नक्कीच वाढते. धूर निघतोय म्हणजे कुठेतरी जळतेय, एवढेच तो आकडा सांगतो. जनुकांवर आधारलेल्या अभ्यासांत फायब्रिनोजेन स्वतः अटॅकचे कारण असल्याचे दिसले नाही, आणि ते कमी करून अटॅक टाळणारे औषधही नाही. म्हणून ठणठणीत माणसाने ही तपासणी करून घ्यावी असे मी म्हणत नाही. जी गोष्ट ते उतरवते, म्हणजे तंबाखू सोडणे, ती तपासणीशिवायही करता येते.

डी-डायमर ही विरघळणाऱ्या गुठळीच्या तुकड्यांची तपासणी आहे. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी असल्याची शंका आली तर ती कामाची असते. पुढे अटॅक येईल का, हे पाहण्यासाठी ती नाही. प्रोटीन सी, प्रोटीन एस यांच्या तपासण्याही मुख्यतः शिरांमधल्या गुठळ्यांसाठी. होमोसिस्टीन आपल्याकडे अनेकांचे वाढलेले निघते, विशेषतः बी-१२ कमी असलेल्या शाकाहारी लोकांचे. बी-१२ कमी असेल तर ते जरूर भरून काढावे, नसांसाठी आणि रक्तासाठी. पण जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरवून अटॅक कमी झाल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसले नाही.

यात एक अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे: लायपोप्रोटीन-ए. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये तो शोधला. हा एलडीएलसारखाच कण, पण त्याला एक जास्तीचे प्रथिन जोडलेले असते. या प्रथिनाची रचना प्लाझ्मिनोजेनशी, म्हणजे गुठळी विरघळवण्याच्या कामातल्या आपल्याच एका प्रथिनाशी, खूप मिळतीजुळती आहे. एका अंगाने कोलेस्टेरॉल वाहणारा आणि दुसऱ्या अंगाने गुठळीच्या यंत्रणेशी नाते सांगणारा असा हा कण आहे. तो धमनीच्या भिंतीत तर मुरतोच.

लायपोप्रोटीन-ए किती असणार हे जवळजवळ पूर्णपणे आईवडिलांकडून ठरून येते. पथ्याने किंवा व्यायामाने ते फारसे हलत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर गेले तर धोका वाढतो, आणि आपल्याकडे साधारण चारातल्या एकाचे ते जास्त असते. सर्वसाधारण लिपिड प्रोफाइलमध्ये ही तपासणी नसते, वेगळी सांगावी लागते. आयुष्यात एकदा केली तरी पुरते. वडील, काका, आत्या, भाऊ यांपैकी कोणाला पन्नाशीच्या आसपास किंवा त्याआधी अटॅक आला असेल, तर पॅकेजमधल्या दहा इतर तपासण्या सोडा आणि ही करा. जास्त निघाली तर घाबरू नका. आज हातात असलेला उपाय म्हणजे एलडीएल अधिक कडकपणे उतरवणे, बीपी आणि साखर ताब्यात ठेवणे, आणि सख्ख्या भावंडांची व मुलांची तपासणी करणे. थेट हा कण कमी करणाऱ्या औषधांच्या चाचण्या सुरू आहेत.

बाकीचे धोके, आपल्या भागातले

हृदयविकाराचे मोठे धोके गुपित राहिलेले नाहीत. डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ मध्ये दाखवले की पहिल्या अटॅकचा बहुतांश धोका नऊ गोष्टींत सामावतो: धूम्रपान, रक्तातली बिघडलेली चरबी, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि दारूचे प्रमाण. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतर देशांतल्या लोकांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी.

या यादीतल्या ‘धूम्रपान’ शब्दाने आपल्याकडे घोटाळा होतो. “मी ओढत नाही” असे सांगणारा माणूस खिशात तंबाखूची पुडी बाळगून असतो, आणि मिश्री लावणाऱ्या मावशींना आपण तंबाखू घेतो असे वाटतही नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याने रंगलेले दात रोज दिसतात. नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही अटॅकचा धोका दुपटीहून जास्त असल्याचे इंटरहार्टमध्ये दिसले. डॉक्टरांनी विचारले नाही तरी मिश्री आणि तंबाखूबद्दल तुम्ही स्वतःहून सांगा.

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास प्रवासात जातात. पहाटे उठायचे, रात्री दहाला जेवायचे, साडेअकराला झोपायचे. अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्ट बदलत राहतात. उल्हासनगरच्या बाजारात दुकानदार सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर बसून असतो. या लोकांना ‘रोज सकाळी एक तास चाला’ असे सांगणे मला स्वतःलाच खोटे वाटते. त्याऐवजी मी सांगतो: स्टेशनला रिक्षा न करता चालत जा आणि परत या. दोन्ही मिळून तीस मिनिटे होत असतील तर आठवड्याचे दीडशे मिनिटांचे गणित ऑफिसच्या पाच दिवसांतच जमते. दुकानदाराने दुपारची मंदी असते तेव्हा अर्धा तास बाहेर पडावे. झोपेचे मात्र मला उत्तर सापडलेले नाही.

कमरेचा घेर घरी मोजा, बेंबीच्या पातळीला, पोट आत न ओढता. पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. स्त्रियांबद्दल आणखी एक गोष्ट. पाळी थांबल्यावर धोका वाढतो हे बऱ्याच जणींना माहीत असते. पण गरोदरपणात ज्यांचे बीपी किंवा साखर वाढली होती त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो, हे सहसा कोणी सांगत नाही. बाळंतपणाची जुनी फाइल जपून ठेवा आणि दाखवा.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण यावर सल्ले देणारे भरपूर आहेत. तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल शून्य’ लिहिलेले असते. कुठल्याच वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसते, त्यामुळे ती जाहिरात म्हणजे पाण्याच्या बाटलीवर ‘साखर शून्य’ लिहिण्यासारखी आहे. तेल कोणते यापेक्षा किती हे बघा: माणशी महिन्याला अर्धा लिटर. वडापाव किंवा दाल-पकवान महिन्यातून कधीतरी खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही. तेच तेल दिवसभर उकळणाऱ्या कढईतला रोजचा वडा वेगळा. ट्रायग्लिसराइड वाढलेल्यांनी मात्र तेलाआधी साखर, चहाबरोबरची बिस्किटे-खारी, भाताचा दुसरा वाढप आणि दारू यांचा हिशोब करावा. माझ्या त्या पेशंटच्या दिवसाला पाच कप गोड चहा होता, आणि दोष सगळा अंड्याला दिला जात होता.

गोळ्यांबद्दल

कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन गोळीबद्दल लोकांच्या मनात जेवढी भीती आहे तेवढी तंबाखूबद्दल असती तर बरे झाले असते. ‘एकदा सुरू झाली की सवय लागते’ हे खरे नाही. गोळी बंद केली की कोलेस्टेरॉल पूर्वीच्या पातळीवर जाते, कारण यकृत आपले काम पूर्वीसारखेच करते. चष्मा काढला की अंधुक दिसते, त्याला कोणी चष्म्याची सवय म्हणत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बंद केली’ हे मी दर आठवड्याला ऐकतो. रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आलेला असतो.

स्टॅटिन आकडा उतरवते, शिवाय प्लाकवरचे आवरण टिकाऊ करते. काहींना स्नायू दुखतात. तसे झाले तर सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येते. काहींची साखर किंचित वाढते, पण ज्यांना गरज आहे त्यांच्यात फायदा त्याहून बराच मोठा असतो. गरोदर असाल किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

ॲस्पिरिनचे उलटे आहे. ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून चाळिशीनंतर स्वतःच्या मनाने रोज एक गोळी घेणारे बरेच आहेत. ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नाही, अशा बहुतेकांना रोजच्या ॲस्पिरिनचा फायदा थोडा आणि पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका खरा असतो. डॉक्टरांनी तुमच्यासाठी म्हणून दिली नसेल तर घेऊ नका. उलट, स्टेंट बसवला असेल तर ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची गोळी एक दिवसही चुकवू नका. दात काढायचा आहे म्हणून, उपास आहे म्हणून, गावी जाताना पाकीट घरी राहिले म्हणून गोळी थांबली आणि स्टेंटमध्येच गुठळी झाली, असे घडते. दाताच्या डॉक्टरांना स्टेंटबद्दल सांगा, आणि गोळी थांबवायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

रात्री साडेतीनला काय करायचे

छातीच्या मधोमध दडपण, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे, ते खांद्यात, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, बरोबर घाम, मळमळ, दम. मधुमेहींमध्ये, वयस्कांमध्ये आणि स्त्रियांमध्ये दुखणे कमी आणि नुसता थकवा, दम किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थपणा असेही होते. ‘गॅस’ आणि अटॅक यांतला फरक घरी बसून ओळखता येत नाही. दवाखान्यात मलाही ईसीजीशिवाय खात्रीने ओळखता येत नाही.

म्हणून सोडा आणि जिरेपाणी यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. ट्रेनमध्ये असाल तर १३९. पेशंटला चालवू नका, जिना उतरवताना खुर्चीवर बसवून न्या, आणि त्याने स्वतः बाइक किंवा गाडी चालवायची नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या: घरात ७५ च्या गोळ्या असतील तर चार. याच ॲस्पिरिनने, अटॅक सुरू झाल्यावर दिली तेव्हा, पाच आठवड्यांतले मृत्यू २३ टक्क्यांनी कमी केले, हे १९८८ च्या ‘आयसिस-२’ या मोठ्या चाचणीत दिसले. त्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शनही दिले तर ४२ टक्क्यांनी. शेजाऱ्यांकडची जिभेखाली ठेवायची गोळी मात्र आपल्या मनाने देऊ नका. बीपी आधीच खाली असेल तर ती घातक ठरते.

आणि जवळच्या ठिकाणी जा. ‘मोठ्या हॉस्पिटलला’ म्हणून बदलापूरहून थेट ठाणे-मुंबई गाठताना वाटेतली कोंडी हृदयाच्या स्नायूला परवडत नाही. ईसीजी निघतो आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळते, असे सर्वांत जवळचे ठिकाण आधी. अँजिओप्लास्टीसाठी पुढे तिथून नेता येते. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि त्रास चालूच असेल तर थोड्या वेळाने पुन्हा काढायला सांगा, लगेच घरी निघू नका. तुमच्या घरापासून रात्री तीन वाजता असे ठिकाण कोणते, हे आज दिवसाउजेडी फोन करून विचारून ठेवा. तीन प्रश्न पुरतात: रात्री ईसीजी होतो का, डॉक्टर हजर असतात का, इंजेक्शन ठेवलेले असते का. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. आपल्या भागात कोणती रुग्णालये योजनेत आहेत तेही आधीच विचारून ठेवा आणि रेशनकार्ड, आधार हाताशी असू द्या.

त्या गृहस्थांचे लायपोप्रोटीन-ए आम्ही नंतर तपासले: ८६. एलडीएल आता ५२ वर आले आहे आणि सिगारेट सुटून आठ महिने झाले. त्यांचा धाकटा भाऊ अंबरनाथला राहतो, वय ४१, कसलाही त्रास नाही. तीन वेळा बोलावले तेव्हा गेल्या रविवारी आला. एकूण कोलेस्टेरॉल १७९, लायपोप्रोटीन-ए ९१. या वेळी मी फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि कमरेला टेप लावला.